मुलींची विज्ञानाची वाट आणि आपली सही



गेल्या महिन्यात शब्बाथ सुटल्यावर आमच्या मुलीचा फोन आला. आमची नात यंदा नववीत आहे. शाळेतून चिठ्ठी आली होती. दहावीपासून गणित तीन युनिट, मुख्य विषय म्हणून पदार्थविज्ञान सुचवत नाही, कोणाला चार युनिटचा आग्रह असेल तर पालकांनी येऊन बोलावे, आणि खाली सहीची जागा. मुलगी म्हणाली, "आई, करून टाकू का सही? रोज गृहपाठावरून रडारड असते घरात. सुटेल तरी बिचारी."

आम्ही म्हटले, थांब. उद्या येतो, मग बघू.

इस्राएलबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांसाठी थोडे समजावून सांगतो. इथे बगरूत म्हणजे शालान्त परीक्षा. तिच्यात गणित तीन, चार किंवा पाच युनिटचे घेता येते. तीन म्हणजे पास होण्यापुरते. इंजिनिअरिंग, संगणक, पदार्थविज्ञान यांच्या दाराशी जायचे तर पाच लागतात, निदान भक्कम चार तरी. पाच युनिट करणाऱ्याला विद्यापीठे प्रवेशात जादा गुणही देतात. पण ही निवड दहावीच्या उंबरठ्यावर एकदम होत नाही. सातवीपासूनच गणिताचे गट पाडतात, त्यांना हकबत्सा म्हणतात. वरच्या गटातली मुले वेगळे पुस्तक शिकतात, खालच्या गटातली वेगळे. नववीच्या शेवटी चिठ्ठी येते तेव्हा तीन वर्षांचे अंतर आधीच पडलेले असते. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोरीचे पुढचे काय ते ठरून गेलेले असते, आणि आपल्याला वाटते की आपण फक्त एका कागदावर सही करतो आहोत.

अशी सही आम्ही एकदा केलेली आहे. 2000 साली, ह्याच मुलीच्या चिठ्ठीवर. त्याबद्दल आज लिहायचे आहे, कारण आपल्या घराघरांत हे झाले आहे आणि अजून होते आहे.

आपल्या लोकांना डॉ. जेरूशा झिराड यांचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या, विलायतेला गेल्या, 1919 साली लंडनची एम. डी. झाल्या, 1928 ते 1947 कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, 1966 साली पद्मश्री मिळाली. रेबेका रूबेनबाईंचेही नाव आपण तसेच घेतो. 1905 च्या मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिल्या आल्या, पुढे आपल्या इस्राएली शाळेच्या, म्हणजे सर एली कदूरी शाळेच्या, बरीच वर्षे मुख्याध्यापिका होत्या. स्त्रीमंडळाचा कार्यक्रम असो की वर्धापनदिन, ही दोन नावे भाषणात येतातच.

पण भाषणात एक गोष्ट राहून जाते. झिराडबाई हुशार होत्या हे खरेच, पण त्या लंडनला पोचल्या त्या शिष्यवृत्तीमुळे. सरकारी शिष्यवृत्ती घेऊन विलायतेला गेलेल्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. म्हणजे बुद्धीच्या पाठीशी पैसा उभा राहिला, आणि घरचे "मुलगी आहे, कशाला" असे म्हणाले नाहीत. ह्या दोन्ही गोष्टी एकदम जुळल्या तेव्हा एक झिराड झाली. ज्यांच्या बाबतीत एक जुळली आणि दुसरी नाही, त्या मुली कुठे गेल्या? त्या आपल्याच घरात आहेत. कोणी शिवणकाम केले, कोणी टायपिंग केले, आणि आमच्यासारख्या पुष्कळजणी नर्स झाल्या.

आमच्या थोरल्या बहिणीचे सांगतो. ती मुंबईत जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला होती. तेव्हा गणित दोन प्रकारचे असे, वरचे आणि खालचे. वरच्यात बीजगणित-भूमिती, खालच्यात नुसते अंकगणित. मुलींनी खालचे गणित आणि गृहशास्त्र घ्यायचे हे जणू ठरलेलेच होते. ताईला कोणी विचारले नाही आणि तिनेही कोणाला विचारले नाही. तीच ताई पुढे चाळीतल्या भिशीचा हिशोब तोंडी करी, पैचीही चूक नाही. आम्ही दहावी झालो 1975 साली, दहा अधिक दोनच्या नव्या पद्धतीत. कोठारी आयोगाने सांगून ठेवले होते की पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना सारखे शिकवा, मुलगा-मुलगी भेद नको. म्हणून आम्हाला बीजगणित मिळाले. ताईच्या आणि आमच्या डोक्यात काही फरक नव्हता. फरक सरकारी नियमाचा होता.

नियमाने दहावीपर्यंत नेले, पुढे घरची परिस्थिती आडवी आली. वडील रेल्वेत कारकून. क्लासची फी एकाचीच भरता येत होती. ती भावाची भरली, कारण त्याला इंजिनिअर व्हायचे होते. आमचे मार्क डॉक्टरकीला पुरले नाहीत, हे कबूल. पण भावाला दोन वर्षे क्लास होता आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली त्याच्या वह्या उतरवून घेत होतो, हेही तितकेच खरे. नर्सिंगला राहायला हॉस्टेल मिळे, वर थोडे विद्यावेतन मिळे. गरीब घरच्या मुलीला शिकताना पैसे मिळणारी दुसरी वाट नव्हती. त्या काळी कित्येक घरांत नर्सिंगकडे विटाळाच्या नजरेने पाहत. आपल्या बेने इस्राएल मुली आणि ख्रिस्ती मुली मात्र पुढे झाल्या. त्याचा आम्हाला अभिमान आहे.

म्हणूनच स्पष्ट सांगतो, नर्स होणे म्हणजे हरणे नव्हे. चाळीस वर्षे आम्ही विज्ञानच केले, फक्त त्याला कोणी विज्ञान म्हटले नाही. 500 मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे, सेट 20 थेंबांचा, मिनिटाला किती थेंब? बेचाळीस. हेपॅरिनची 25,000 युनिट 500 मिलिलिटरमध्ये, रोग्याला तासाला 1,000 युनिट जायला हवीत, पंप कितीवर लावायचा? वीसवर. रात्री तीन वाजता, दोन रोगी ओरडत असताना, हे हिशोब नर्स करते आणि चुकत नाही. चुकली तर माणूस जातो. आणि हीच बाई घरी येऊन मुलीला म्हणते, "आपल्या घरात कोणाला गणित येत नाही गं."

असे म्हणणाऱ्या बायकांत आम्हीही होतो.

आम्ही इथे आलो 1983 साली. आपले लोक त्याआधीच दिमोना, बीरशेबा, यरुहाम, अश्दोद, लोद अशा गावांत वसवले गेले होते. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी 1960 च्या दशकात लग्नाच्या हक्कासाठी केलेला लढा आपण विसरत नाही. यहूदी म्हणून आपण पूर्ण आहोत हे आपण त्या लढ्याने मान्य करून घेतले. पण त्याच वर्षांत शाळेच्या दारात आणखी एक निवाडा चालू होता, त्याच्याविरुद्ध कोणी धरणे धरले नाही. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या घरांतली मुले मोठ्या संख्येने व्यवसायशिक्षणाच्या शाळांत घातली जात होती. मुलगे लोहारकाम, सुतारकाम, मोटारदुरुस्ती शिकत. मुली शिवण, सेक्रेटरीचे काम, बालसंगोपन शिकत. त्यातल्या खालच्या वर्गांतून बगरूतपर्यंत वाटच जात नव्हती. आईबाप दिवसपाळी-रातपाळीत, हिब्रू मोडकी, शाळेने सांगितले ते खरे मानायचे. शिक्षकासमोर उलट बोलायचे नाही हे तर आपण कोकणातूनच बरोबर आणलेले.

तेव्हा 2000 साली आमच्या मुलीची वर्गशिक्षिका आम्हाला काय म्हणाली ते सांगतो. बाई वाईट नव्हती. उलट फार मायेने बोलली. "तुमची मुलगी शांत आहे, गुणी आहे, सगळ्यांना मदत करते. तिला कशाला छळायचे? तीन युनिट घेऊ दे, आनंदात राहील." आम्ही दोघे मान डोलावून आलो. सही केली. मुलीच्याच वर्गात एक मुलगा होता, गुण तिच्यासारखेच, वर्गात दंगा करणारा. त्याच्या बापाला तीच बाई म्हणाली होती, "डोके आहे, आळशी आहे, चारला बसवा म्हणजे जागा होईल." हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी त्या मुलाच्या आईकडून कळले.

मुलगी सैन्यातून सुटली तेव्हा तिला जैवतंत्रज्ञान शिकायचे होते. तीन युनिटवर कोण घेणार? मग मेखिना, म्हणजे विद्यापीठाच्या आधीचा तयारीचा वर्ग. दिवसा नोकरी, संध्याकाळी पंधरा वर्षांच्या पोराने शिकायचे गणित बाविसाव्या वर्षी. चार युनिट तिने काढली, चांगल्या गुणांनी काढली. पण तोवर पैसे संपले, वय गेले, लग्न ठरले. आज ती एका दवाखान्याच्या कचेरीत काम करते आणि काम चोख करते. तिने आम्हाला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाली, "मला गणित येत होतं आई. तेव्हाच येत होतं."

हे फक्त आमच्या घरचे रडगाणे असते तर इथे लिहिले नसते. ह्याचा अभ्यास झालेला आहे. अर्थशास्त्रज्ञ व्हिक्टर लावी आणि एडिथ सँड यांनी तेल अवीवच्या शाळांतल्या मुलांचे गुण तपासले. एका बाजूला वर्गशिक्षकाने स्वतः दिलेले गुण, दुसऱ्या बाजूला नाव झाकून बाहेर तपासलेल्या परीक्षेचे गुण. ज्या शिक्षकांचा हात प्राथमिक शाळेत मुलग्यांना गुण देताना सैल होता, त्यांच्या वर्गातले मुलगे पुढे गणितात वर गेले आणि मुली मागे पडल्या. हायस्कुलात वरचे गणित घेण्याच्या निर्णयावरही त्याचा परिणाम दिसला. आणि मुलींमध्ये सर्वांत जास्त फटका बसला तो गरीब घरच्या मुलींना. ज्या घरी "नाही, माझ्या मुलीला जमेल" असे म्हणणारे कोणी असते, तिथे शिक्षकाचा शब्द शेवटचा नसतो. आपल्या घरांत तो शेवटचाच असायचा.

कोणी म्हणेल, मुलींचा कलच वेगळा असतो. इथल्या हिब्रू शाळांत पाच युनिट पदार्थविज्ञान घेणाऱ्यांत मुली साधारण एक तृतीयांश, आणि जीवशास्त्र-रसायनशास्त्रात मात्र मुली जास्त. तेव्हा निसर्गच तसा, असे वाटणे सोपे आहे. पण ह्याच देशात, ह्याच बगरूतसाठी, अरबी शाळांत पदार्थविज्ञान आणि संगणक घेणाऱ्यांत मुली मुलग्यांहून जास्त आहेत. निसर्ग काय हिब्रूत एक आणि अरबीत दुसरा असतो? तिथे घर आणि शाळा मुलीला सांगतात की हे विषय चांगल्या विद्यार्थ्याचे, आणि तू चांगली विद्यार्थिनी आहेस. इथे आपण सांगतो, हे विषय मुलग्यांचे.

वर्गाच्या, म्हणजे श्रीमंत-गरिबीच्या, बाबतीतही तसेच. 2012 च्या सुमारास पाच युनिट गणित करणारी मुले देशभरात जेमतेम नऊ हजारांवर आली होती. 2015 मध्ये शिक्षणमंत्रालयाने मोहीम काढली, शिक्षक दिले, तास वाढवले. काही वर्षांत आकडा जवळजवळ दुप्पट झाला. तीन-चार वर्षांत देशातल्या मुलांची डोकी दुप्पट होत नाहीत. दार उघडले, एवढेच झाले. आणि दाराशी आधी पोचली ती ज्यांच्या गावात शिक्षक होता त्यांची मुले.

लंडनकडच्या आपल्या वाचकांना वाटेल की हे इस्राएलचे दुखणे आहे. तसे नाही. तिथे 2009 पासून प्रा. लुईझ आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. बहुतेक मुलांना शाळेतले विज्ञान आवडत होते, पण शास्त्रज्ञ व्हायची इच्छा जेमतेम 15 टक्क्यांना होती. फरक पडत होता तो घरच्या शिदोरीने. घरात विज्ञानाबद्दल कोण बोलते, ओळखीचे कोणी त्या कामात आहे का, "हे आपल्यासारख्यांसाठी आहे" असे मुलाला वाटते का. ही शिदोरी खात्यापित्या घरांत जास्त असते, कष्टकरी घरांत कमी, आणि त्यातही मुलीच्या वाट्याला आणखी कमी.

आता आमच्याविरुद्ध जे बोलले जाईल तेही बोलून टाकतो. प्रत्येक मुलीने पदार्थविज्ञान शिकलेच पाहिजे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. साहित्य, चित्रकला, नर्सिंग, शिक्षकी, जे आवडेल ते तिने करावे. रडणारे पोर आम्हालाही बघवत नाही. खासगी शिकवणीला तासाला किती पडतात हे पेन्शनवर जगणाऱ्या आम्हाला नेमके माहीत आहे. आणि सगळे शिक्षक असे असतात असेही नाही. पण मुलीने स्वतः निवडणे वेगळे आणि तिला मायेने बाजूला बसवणे वेगळे. आणखी एक गोष्ट, पाचवरून चारवर आणि चारवरून तीनवर कधीही उतरता येते. तीनवरून वर चढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून शंका असेल तेव्हा वरची पायरी धरावी. उतरायला पुढे वेळ असतो.

आपल्या हातात काय आहे? आमच्या अनुभवातून चार गोष्टी.

पहिली, सातवीपासून विचारा. मुलगी कोणत्या हकबत्सात आहे, वरच्या गटात जायला काय लागते, पुन्हा चाचणी कधी. नववीची वाट बघू नका. विचारण्यात उद्धटपणा नाही. रोग्याचे नातेवाईक विचारतात तेव्हा चांगल्या नर्सला राग येत नाही. चांगल्या शिक्षकालाही येत नाही.

दुसरी, आईने आणि आजीने मुलीसमोर "मला गणित येत नव्हते" हे वाक्य बंद करावे. तुम्ही बाजारहाट केली, भिशी चालवली, रोग्यांचे डोस मोजले. ते सांगा.

तिसरी, आपल्यात निवृत्त माणसे पुष्कळ आहेत. नर्स, लॅबवाले, वीजमंडळातले, कारखान्यातले. सिनेगॉगचा हॉल आठवड्याचे पाच दिवस रिकामा असतो. दोन संध्याकाळी गणिताला द्याव्यात. चहा आम्ही करू.

चौथी, आपल्या मंडळांनी बक्षिसे जरूर द्यावीत, पण फक्त शेवटी पहिल्या येणाऱ्याला नको. मधल्या गटातल्या मुलीला शिकवणीचे पैसे द्यावेत. झिराडबाईंना शिष्यवृत्ती आधी मिळाली, पद्मश्री पुष्कळ नंतर.

आता नातीचे काय झाले ते. रविवारी आम्ही तिच्यापाशी बसलो. मधल्या गटात तिचे गुण 76 आहेत. रडे का येते ते विचारले. गणित कठीण म्हणून नव्हे, वर्गात हात वर केला की दोन मुलगे हसतात म्हणून. अपूर्णांक कच्चे आहेत, पण ते महिनाभरात पक्के होतील असे आहेत. तिला ठिबकण्याच्या थेंबांचे गणित घातले. तिने ते बरोबर सोडवले आणि म्हणाली, "सावता, तू हे रोज करायचीस?"

मग आमची मुलगी शाळेत गेली, आम्ही सोबत गेलो. मुलीनेच सगळे बोलणे केले. गणित चार युनिट ठरले आहे. पदार्थविज्ञानासाठी सुट्टीत तयारीचा वर्ग आहे, त्याच्या शेवटी चाचणी. ती चाचणी नात देणार आहे. पास होईल की नाही ते सांगता येत नाही, आणि पास झाली तरी ती तो विषय घेईलच असेही नाही. ते तिचे ती ठरवील.

तुमच्या घरी अशी चिठ्ठी आली असेल तर सही करण्याआधी मुलीजवळ बसा. तिला विचारा. मग शाळेत जा, आणि एकटे वाटत असेल तर आम्हाला कळवा. दक्षिणेत कुठेही असाल तर आम्ही बरोबर येऊ.